अनियमित

डॉक्टर टूहींच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं कार्डं लिहिली.
मेयो परगणा. गावात सात गुत्ते, एक चर्च,
औषधांचं दुकान एकच.
साडेआठला टर्फची शेगडी पेटवायची.
भिंतीवर येशूचं काळीज, त्याखाली लाल दिवा,
त्याखाली बाक.
बाकावर बायका, ओल्या कोटांतून वाफ निघणाऱ्या.
मी दारातून विचारत असे:
आता पाळी कुणाची?

कार्डावर तक्रारीचा रकाना होता.
खोकला. गुडघा. रात्री झोप नाही.
आणि अडुसष्ट सालापासून एकच नोंद,
डॉक्टरांच्या तिरक्या अक्षरात:
पाळी अनियमित.

अट्रॅक्टा हेनेगन, सात मुलं. पाळी अनियमित.
शाळेतल्या मिसेस किलबेन, लग्नाला तीन महिने. अनियमित.
कन्सेप्टा मुलॉय,
जिचं नावच गर्भ राहण्यावरून ठेवलेलं,
तीही.
बघता बघता अख्ख्या गावाचं घड्याळ बिघडलं.
बिशपांच्या कानावर गेलं असतं तर म्हणाले असते,
विहिरींचं पाणी तपासून घ्या.

तसं खोटं कुणीच बोलत नव्हतं.
अट्रॅक्टाची पाळी नऊ-नऊ महिने यायचीच नाही,
याहून अनियमित ते काय?

डॉक्टर फार धीट होते असं मी म्हणणार नाही.
रविवारी पहिल्या बाकाशी गुडघे टेकायचे,
सोमवारी लिहायचे,
पण आधी डाव्या हाताकडे बघून.
बार्नी क्विलिननची धाकटी, एकोणीस वर्षांची,
आत गेली तशीच बाहेर आली, हातमोजे न घालताच.
कार्डावर काही नाही. तारीख तेवढी मी घातली.
फेब्रुवारीत ती लिव्हरपूलच्या बोटीत होती.
तो रकाना मी अजून भरलेला नाही.

आणि चिठ्ठी मिळाली म्हणून झालं असं नाही.
औषधवाले लॅव्हेल ती वाचायचे,
घडी घालून परत करायचे,
गुड फ्रायडेला कुणी मटण मागावं तसे.
"हे आम्ही ठेवत नाही."
मग गॉलवे. शनिवारची बस, दोन तास वीस मिनिटं,
आणि घरी सांगायला एखादं कारण.

मी तेव्हा चौतीस वर्षांची.
माणूस कोण ते विचारू नका,
इथे भिंतींनाही भाचरं आहेत.
एका संध्याकाळी बाक रिकामा झाल्यावर
मी आत गेले आणि समोरच्या खुर्चीत बसले.
"काय गं, कुणी राहिलंय?"
"माझी पाळी."
त्यांनी पेन उचललं. सवयीनं म्हणाले,
"अनियमित."
"नाही," मी म्हटलं, "चर्चच्या घंटेसारखी वेळेवर.
आणि तशीच राहू द्यायची आहे."

शेगडीत काहीतरी ढासळलं.
ते माझ्या हाताकडे बघत होते.
त्या बोटांवरची शाई अकरा वर्षं पाहिलेली,
अंगठीची जागा पहिल्यांदाच.
खूप वेळ गेला. एवढा, की मी उठायला लागले.
मग त्यांनी कोऱ्या चिठ्ठीवर सही केली
आणि माझं कार्ड पेनासकट माझ्याकडे सरकवलं.
"तूच लिही," म्हणाले, आणि टोपी शोधू लागले,
जी डोक्यावरच होती.

मी लिहिलं. काय, ते सांगत नाही.
अक्षर सरळ आलं.

शनिवारच्या बसमध्ये दोन बाकं पुढे हिरवा स्कार्फ.
अट्रॅक्टा वळली. तिनं ओळखलं, मीही.
"लोकर आणायला," ती म्हणाली.
"मीसुद्धा."
दोघींनाही विणता येत नाही, हे गावाला ठाऊक आहे.

मग पाळीपाळीनं आम्ही खिडकीबाहेर बघत राहिलो:
मेंढ्या, दगडी कुंपणं,
कुठल्याशा परसात वाऱ्यावर फडफडणारी
दोरीभर दुपटी,
मोजायला घेतली आणि बस पुढे गेली.